‘स्ट्राँग गोळी द्या’ म्हणण्याआधी : नशा न आणणाऱ्या वेदनाशामक उपायांविषयी

अम्मीचे गुडघे, अब्बूंची कंबर, पावरलूमवर बारा तास उभ्या राहणाऱ्या भावाची पाठ. आपल्याकडे दुखणं नाही असं घर शोधून सापडणार नाही. दुखणं वाढलं की डॉक्टरआधी पाय वळतात ते नाक्यावरच्या मेडिकलकडे. तिथलं वाक्यही ठरलेलं, “भाई, काहीतरी स्ट्राँग दे.” काउंटरवरून पट्टी येते, दोन तासांत आराम पडतो आणि पुढच्या वेळी तीच रिकामी पट्टी दाखवून नवी आणली जाते. त्या पट्टीवर बारीक अक्षरांत ‘ट्रॅमाडॉल’ लिहिलेलं आहे का, हे मात्र कुणी वाचत नाही.

ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फीन ही सगळी ओपिऑइड म्हणजे अफूच्या कुळातली औषधं. काही थेट अफूपासून निघतात, काही कारखान्यात बनतात, पण मेंदूतल्या ज्या जागेवर अफू बसते तिथेच तीही जाऊन बसतात. दुखण्याचं कारण जिथल्या तिथे राहतं. मेंदूला त्याची खबर कमी लागते आणि वर थोडं बरं, हलकं वाटतं. हे ‘बरं वाटणं’च पुढे गळ्यात पडतं. काही आठवड्यांत शरीराला सवय होते, तेवढ्याच गोळीने भागत नाही. गोळी चुकली की घाम, बेचैनी, जुलाब, अंग मोडून येणं, रात्रभर झोप नाही. घरच्यांना वाटतं दुखणं बळावलं. खरं तर ते औषध सुटल्याचं लक्षण असतं. ट्रॅमाडॉलमध्ये फिट येण्याचाही धोका आहे, आणि गुंगीमुळे रिक्षा-ट्रक चालवणाऱ्यांनी तर विशेष जपायला हवं.

म्हणूनच एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रॅमाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणलं. चिठ्ठीशिवाय ते देणं गुन्हा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रणाच्या गोळ्या महाराष्ट्रातल्या एका कंपनीतून पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी पोहोचत असल्याचं बीबीसीने उघड केलं आणि सरकारला या मिश्रणाच्या उत्पादनाची व निर्यातीची परवानगी काढून घ्यावी लागली. मोहल्ल्यात खोकल्याच्या सिरपच्या नशेविरुद्ध आपण जलसे घेतो, जुम्याच्या बयानातही त्यावर बोललं जातं. पण त्याच कुळातली गोळी घरच्या औषधांच्या डब्यात ‘कंबरेची गोळी’ म्हणून पडलेली असते, याकडे लक्ष जात नाही.

मग ‘स्ट्राँग’ गोळीने दुखणं जास्त थांबतं, हे तरी खरं का? या प्रश्नाची थेट परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये हातापायाच्या तीव्र दुखण्यासाठी इमर्जन्सीत आलेल्या ४१६ रुग्णांचे चार गट केले. एका गटाला आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल, बाकी तिघांना वेगवेगळी ओपिऑइड मिश्रणं. दोन तासांनी चारही गटांत आराम जवळपास सारखाच होता. २०१८ मध्ये जुनी पाठदुखी, गुडघेदुखी आणि खुब्याची दुखणी असलेल्या २४० माजी सैनिकांवर वर्षभर तुलना झाली. ओपिऑइड घेणाऱ्यांची हालचाल जास्त सुधारली नाही, उलट साधी औषधं घेणाऱ्यांचं दुखणं किंचित कमी निघालं आणि त्यांना दुष्परिणामही कमी झाले. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ३४७ रुग्णांवरचा निकाल आणखी बोलका होता. नुकत्याच सुरू झालेल्या कंबर-मानदुखीत ओपिऑइड गोळी आणि औषध नसलेली खोटी गोळी यांत सहा आठवड्यांनी काही फरक दिसला नाही.

म्हणजे रोजच्या बहुतेक दुखण्यांत प्रश्न गोळी किती जबरदस्त आहे हा नसून दुखणं कोणत्या जातीचं आहे हा आहे.

साध्या गोळ्या, पण हिशेबाने

पॅरासिटामॉलला आपल्याकडे ‘तापाची गोळी’ म्हणून कमी लेखतात. डोकेदुखी, दातदुखी, मार लागणं, ऑपरेशननंतरचं दुखणं यांत ती चांगली साथ देते, विशेषतः आयबुप्रोफेनसोबत, कारण दोघींची काम करण्याची तऱ्हा वेगळी आहे. सुदृढ मोठ्या माणसाने ५०० मिलिग्रॅमच्या एक ते दोन गोळ्या, चार ते सहा तासांचं अंतर ठेवून, चोवीस तासांत जास्तीत जास्त आठ. त्यावर नाहीच. किरकोळ अंगाच्या वृद्धांना, यकृताचा त्रास असलेल्यांना मर्यादा याहून कमी असते. घोटाळा होतो तो लपलेल्या पॅरासिटामॉलमुळे. सर्दीच्या गोळीत ते असतं, असेक्लोफेनॅकच्या पट्टीत असतं, ट्रॅमाडॉलच्या पट्टीतही असतं. तीन डॉक्टरांच्या तीन पट्ट्या एकत्र झाल्या की हिशेब कधी ओलांडला ते कळतही नाही, आणि मार बसतो यकृताला. गुडघ्याच्या झिजेवर किंवा जुन्या कंबरदुखीवर मात्र एकट्या पॅरासिटामॉलकडून फार अपेक्षा ठेवू नये.

मुलांची मात्रा वजनावर ठरते, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. चमच्याच्या अंदाजाने नाही. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यावर आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे, तरी घरात मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला देण्याची सवय गेलेली नाही.

दुसरी फळी सूज उतरवणाऱ्या औषधांची : आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब. शरीरात कुठे इजा झाली की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. ती सूज आणतात, नसा हुळहुळ्या करतात. ही औषधं त्यांची निर्मितीच रोखतात. मुरगळणं, दातदुखी, सांध्याची सूज, मुतखड्याची कळ यांवर ती खरोखर गुणकारी आहेत. मुलींच्या मासिक पाळीच्या दुखण्यावरही, कारण ते दुखणं याच रसायनामुळे होतं. “सगळ्याच बायका सहन करतात” असं म्हणून मुलीला गप्प बसवणं बरं नाही. दुखायला लागताच, काही खाऊन, डॉक्टरांनी सांगितलेली मेफेनामिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेनची गोळी आणि पोटावर गरम पाण्याची पिशवी, एवढ्याने बहुतेकींचे दोन दिवस सुसह्य होतात. दर महिन्याला शाळा-कॉलेज बुडत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं.

पण तीच रसायनं जठराच्या अस्तराचं रक्षण करतात आणि किडनीचा रक्तपुरवठाही सांभाळतात. ती अडवली की पोटात व्रण आणि किडनीवर ताण. आपल्याकडची गिधाडं कशी संपली ते आठवून पाहा. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांच्या किडन्या बंद पडल्या. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त घटली. २००६ मध्ये गुरांसाठी हे औषध बंद करावं लागलं. माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नाही, हे खरं. तरी ज्यांना किडनीचा आजार, हृदयविकार किंवा अल्सर आहे, जे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी ही औषधं मनाने घेऊ नयेत. टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारखी बीपीची गोळी, जोडीला लघवी वाढवणारी गोळी आणि वर ही पेनकिलर, हे त्रिकूट तर किडनीचा घात करू शकतं. गरोदर महिलांनी विसाव्या आठवड्यानंतर ती टाळायची आहेत. आणि या गटातल्या दोन गोळ्या कधीही एकत्र घ्यायच्या नाहीत. सकाळी डायक्लोफेनॅक, दुपारी आयबुप्रोफेन, याने आराम दुप्पट होत नाही, धोका वाढतो.

इथेच रमजानचा मुद्दा येतो. तेरा-चौदा तास पाण्याचा थेंब नाही, त्यात उन्हाचं काम. शरीर कोरडं असताना ही औषधं किडनीला जास्त जड जातात. सहरीला कोऱ्या चहावर पेनकिलर गिळून दिवसभर रोजा, हा प्रकार वयस्कर मंडळींत फार चालतो आणि तो बंद व्हायला हवा. गरजच असेल तर नॅप्रोक्सेनसारखी बारा तासांची किंवा दिवसातून एकदाच घ्यायची गोळी डॉक्टर बसवून देऊ शकतात. ती इफ्तारला खजूर-पाण्यावर न घेता, जेवण झाल्यावर घ्यावी. बीपी आणि शुगरच्या गोळ्यांसह सगळ्या औषधांचं वेळापत्रक शाबानमध्येच लिहून घेतलं तर पहिल्या रोज्याला धावपळ होत नाही. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत खुद्द कुरआनने सूरह बकराहमध्ये दिली आहे. ती न वापरता किडनी पणाला लावणं ही परहेजगारी नव्हे, असं निदान मला तरी वाटतं.

लावायच्या जेलबद्दल लोक मुळीच बोलत नाहीत. डायक्लोफेनॅक जेल गुडघा, बोटं, घोटा अशा कातडीजवळच्या सांध्यांवर दिवसातून तीन-चार वेळा लावलं तर अनेकांना गोळीइतकाच फायदा होतो, आणि रक्तात त्याचा फार थोडा अंश जातो. साठीपुढच्या माणसाला गुडघ्यासाठी आधी जेल, मग गोळी हा क्रम शहाणपणाचा. खोल असलेल्या कंबरेला किंवा खुब्याला त्याचा विशेष उपयोग नाही. रोज्यात चालेल का, असा प्रश्न हमखास येतो. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ च्या जेद्दा अधिवेशनात कातडीवरचे मलम, औषधी पट्ट्या आणि पोषण न देणारी इंजेक्शनं यांनी रोजा तुटत नाही, असं ठरवलं आहे. मनात शंका असेल तर आपल्या मोहल्ल्यातल्या आलिमांना विचारून घ्यावं.

गुडघे आणि सजदा

आपल्या घरांतलं सगळ्यात मोठं दुखणं गुडघ्याचं. पाटावर बसून भाकऱ्या, उकिडवं बसून कपडे, जमिनीवर दस्तरखान, दिवसातून पाच वेळा उठबस. झिजलेल्या गुडघ्याला यातलं काहीच सोसवत नाही. पण त्यावरचं सर्वांत भरवशाचं औषध कोणत्याही मेडिकलमध्ये मिळत नाही. ते म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद. हा स्नायू गुडघ्याचा शॉक-अब्सॉर्बर आहे. दुखतं म्हणून माणूस हालचाल कमी करतो, स्नायू वाळतो, सगळा भार हाडावर येतो आणि दुखणं आणखी वाढतं. हे चक्र गोळीने तुटत नाही.

व्यायाम अगदी साधे आहेत. पलंगावर पाठीवर झोपा, एक पाय गुडघ्यात वाकवा, दुसरा सरळ ठेवून मांडी घट्ट करा आणि तो फूटभर उचला. पाच आकडे मोजून हळूच खाली आणा. असं दहा वेळा, मग दुसरा पाय. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो खाली दाबणं हा दुसरा. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणं-बसणं हा तिसरा, तो जमेल तेव्हा सुरू करावा. फज्रनंतर एकदा, असरनंतर एकदा, अशी वेळ बांधून घेतली तर नेम टिकतो. पहिल्या आठवड्यात थोडं जास्त दुखेल, तिथेच बहुतेक जण सोडून देतात. सहा ते आठ आठवडे रेटल्यावर फरक जाणवू लागतो. फिजिओथेरपिस्टकडे निदान दोन-तीन वेळा जाऊन पद्धत नीट शिकून घ्यावी. तिथल्या शेक देणाऱ्या मशीनपेक्षा तिथे शिकवलेला व्यायाम मोलाचा, हे लक्षात ठेवावं. वजन कमी करण्याचा फायदा तर दामदुप्पट आहे : शरीराचं एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

नमाज उभं राहून पढता येत नसेल तर बसून, तेही होत नसेल तर कुशीवर पडून पढावी, असं रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी इम्रान बिन हुसैन रजि. यांना सांगितल्याची हदीस सहीह बुखारीत आहे. तरीही मशिदीत खुर्ची घ्यायला कित्येक बुजुर्ग लाजतात आणि दोन गोळ्या खाऊन सजदा करतात. कुणाला फक्त सजदा जमत नाही पण कियाम जमतो, अशा वेळी खुर्ची केव्हा आणि कशी वापरावी याचे बारकावे आहेत, ते इमाम साहेबांकडून समजून घ्यावेत. सजदा जमतो पण टोचतो अशांनी मुसल्ल्याखाली जाड फोमची पट्टी घालावी. वुजूसाठी उंच स्टूल, घरात कमोड, ओट्यावर उभं राहून भाकरी. यात लाखाचा खर्च नाही. हे सगळं करूनही रात्री झोप उडत असेल, चार पावलं टाकवत नसतील, तर सांधे बदलण्याच्या ऑपरेशनचा विचार करावा. त्याला घाबरून दहा वर्षं पेनकिलर खात राहणं जास्त धोक्याचं.

कंबरेचा नियम थोडा वेगळा. लचक भरली की पलंगावर पडून राहण्याचा सल्ला आता डॉक्टर देत नाहीत. झेपेल तेवढं चालत-फिरत राहणारे लवकर बरे होतात. बहुतेकांची कंबर काही आठवड्यांत आपोआप ठीक होते, एमआरआयची घाई लागत नाही. मात्र लघवी-संडासवरचा ताबा जाणं, दोन पायांच्या मधल्या जागेला बधिरपणा, पायातली ताकद जाणं, कंबरदुखीसोबत ताप किंवा वजन घटणं, यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं.

आणि ज्या बहिणींचं ‘सगळं अंगच दुखतं’, हाडं ठणकतात, जिना चढताना मांड्या भरून येतात, त्यांनी पेनकिलरआधी ‘ड’ जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी. दिवसभर फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, अंग पूर्ण झाकून बाहेर पडणाऱ्या महिलांना ऊन लागतच नाही. गच्चीवर, आडोशाला, हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसता आलं तर उत्तम. कमतरता निघालीच तर उपचार स्वस्त आहेत. फक्त साठ हजार युनिटची पुडी आठवड्याची आहे की महिन्याची ते नीट वाचावं. ती रोज घेऊन विषबाधा झालेले लोक आहेत.

जळजळ, मुंग्या आणि ‘डिप्रेशनची गोळी’

शुगरच्या रुग्णाच्या तळपायाची आग, नागिणीनंतर राहिलेली चुणचुण, मणक्यातून पायात जाणारी विजेसारखी कळ, ही नसांची दुखणी. यांवर सूज उतरवणारी औषधं जवळपास निकामी आहेत. इथे डॉक्टर अमिट्रिप्टिलीन किंवा ड्युलॉक्सेटीन लिहितात, नाहीतर फिटवर दिली जाणारी गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन. मग घरात गोंधळ उडतो, “डॉक्टरने अब्बांना डिप्रेशनची गोळी का दिली? ते काय वेडे आहेत?” तसं काही नाही. मेंदू आणि मज्जारज्जू दुखण्याच्या संदेशांना जी चाळणी लावतात, ती ही औषधं घट्ट करतात. कमी मात्रेत, रात्री घेतली जातात. परिणाम दिसायला दोन-चार आठवडे लागतात, तेवढ्यात ‘फरक नाही’ म्हणून सोडू नये. झोप आणि चक्कर येते, म्हणून वृद्धांना रात्री बाथरूमला जाताना आधार द्यावा. प्रिगॅबालिनचाही गैरवापर होतो, तीही मनाने वाढवायची नाही.

हिजामाबद्दल विचारणारे पुष्कळ आहेत. ती सुन्नत आहे, आणि मान व कंबरदुखीत काहींना थोड्या दिवसांचा आराम मिळतो असं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. पुरावा तेवढाच, त्याहून मोठा नाही. करायचंच असेल तर प्रशिक्षित युनानी डॉक्टरकडे, नवं ब्लेड आणि नवे कप तुमच्यासमोर उघडलेले असावेत. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असलेल्यांनी, ॲनिमिया असलेल्यांनी, शुगर बेताबाहेर असलेल्यांनी टाळावं. जत्रेत, उरुसात किंवा कुरिअरने मिळणाऱ्या ‘गठियाच्या पुड्या’ मात्र सरळ नाकाराव्यात. तीन दिवसांत जादू करणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. चेहरा सुजतो, शुगर भडकते, खुब्याचं हाड सडतं. आणि अचानक बंद केल्यावर माणूस कोसळूही शकतो.

नशेविना वेदना थांबवण्याच्या शोधाला अलीकडे एक वेगळी वाट सापडली, आणि तिची सुरुवात पाकिस्तानातल्या एका मुलापासून होते. हा मुलगा रस्त्यावर खेळ दाखवायचा, दंडातून सुऱ्या आरपार घालायचा, जळत्या निखाऱ्यांवर चालायचा. त्याला वेदना होतच नसत. डॉक्टर तपासायला पोहोचण्याआधीच, चौदावा वाढदिवस पाहण्याआधी, छतावरून उडी मारल्याने तो वारला. त्याच्या नात्यागोत्यातल्या तीन कुटुंबांतल्या सहा मुलांचा अभ्यास करून केंब्रिजच्या जेफ्री वुड्स यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवून दिलं की, वेदनेच्या नसांतलं सोडियमचं एक दार या मुलांत बिघडलेलं आहे. या मुलांनी नकळत आपलेच ओठ, जीभ चावून जखमा करून घेतल्या होत्या. वेदना ही रहमतही आहे, हे त्यांच्याकडे पाहून कळतं. त्याच जातीचं दुसरं दार बंद करणारं सुझेट्रिजीन हे औषध अमेरिकेने ३० जानेवारी २०२५ रोजी तीव्र, तात्पुरत्या वेदनेसाठी मंजूर केलं. ते नसांच्या पातळीवरच काम करतं, मेंदूला नशा देत नाही. ऑपरेशननंतरच्या चाचण्यांत ते नेहमीच्या ओपिऑइड मिश्रणापेक्षा सरस ठरलं नाही, सायटिकावरही खोट्या गोळीपेक्षा फारसा फरक दिसला नाही, आणि तिथे २०२५ मध्ये एका गोळीची किंमत साडेपंधरा डॉलर होती. तेव्हा पाऊल चांगलं आहे, पण अम्मीच्या गुडघ्याला आज तरी मांडीचा व्यायामच जवळचा.

ज्यांच्या घरात कुणी महिनोन्‌महिने ट्रॅमाडॉल घेत आहे, त्यांनी हा लेख वाचून गोळ्या कचऱ्यात टाकू नयेत. अचानक बंद केल्यास हाल होतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवायची असते. त्या माणसाला नशेबाज म्हणून हिणवूही नये, त्याने दुखण्यासाठीच गोळी घेतली होती.

कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातली वेदना ही वेगळी बाब आहे. तिथे मॉर्फीनला तोडीचा पर्याय अजून नाही, आणि ‘हराम आहे’, ‘सवय लागेल’ म्हणून रुग्णाला तळमळत ठेवणारी कुटुंबं आजही दिसतात. जिथे दुसरा इलाज पुरत नाही तिथे जरुरतीपुरती मुभा असल्याचं उलमा सांगतात, आणि योग्य मात्रेत दिलेलं मॉर्फीन आयुष्य तोडत नाही. २०१४ मध्ये कायदा बदलून रुग्णांसाठी ते मिळणं सोपं करण्यात आलं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलसह मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत पॅलिएटिव्ह केअरचा वेगळा विभाग असतो, तिथे घरच्यांनी स्वतः जाऊन विचारावं. मॉर्फीन सुरू झाल्यावर बद्धकोष्ठता जवळजवळ हमखास होते, म्हणून पहिल्याच दिवशी पोट साफ होण्याचं औषधही सोबत लिहून घ्यावं.